संगणक कोणी सुरू करायचा?

स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना झाली की बहुतेकांची लेखणी संस्थेच्या वाटचालीकडे वळते. जागा कशी मिळाली, पहिली खोली कशी उभी राहिली, पहिल्या तुकडीत किती मुले होती आणि आज किती आहेत, हे सारे लिहिले गेलेच पाहिजे. आणि ते लिहिण्यास आमच्यापेक्षा अधिक अधिकारी मंडळी या अंकात आहेत. आम्ही मात्र एका अगदी लहान गोष्टीविषयी लिहिणार आहोत. आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील जुने संगणक कळफलकावरून, म्हणजे ज्याला आपण सारे कीबोर्ड म्हणतो त्यावरील कळा दाबून, सुरू होतात. त्यासाठी पेटीवरचे बटण दाबावे लागत नाही. पाहुणे येतात तेव्हा त्यांना ही एक गंमत वाटते. आमच्या मते मात्र या शाळेत गेल्या काही वर्षांत जे मोजके चांगले बदल झाले, त्यांत या बदलाची गणना व्हायला हवी. तो कसा घडला आणि त्याला आम्ही एवढे महत्त्व का देतो, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सिंदी मेघे हे गाव वर्धा शहराला इतके लागून आहे की शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला कळत नाही. आपल्या वसतिगृहात येणारी मुले मात्र बहुतांशी शहरातली नाहीत. सोयाबीन आणि कापसाच्या शेतांत मजुरीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, बांधकामांवर दिवस काढणाऱ्या घरांतून ती येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात शाळेची दहा वर्षे पूर्ण करणारे ते पहिलेच. अशा शाळेत चौदा-पंधरा वर्षांपूर्वी १२ संगणक आले. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले आणि जुने आपल्याला दिले. आनंद मोठा होता. विहारातून सतरंज्या आणून त्या दिवशी समारंभ झाला, फीत कापली गेली, आणि मग प्रश्न आला की हे सांभाळायचे कोणी?

संगणक शिक्षकाचे पद आपल्याकडे नव्हते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु टंकलेखन थोडेफार येत होते, म्हणून किल्ली आमच्याकडे आली. किल्ली दोन अर्थांनी. एक कक्षाच्या दाराची. दुसरी लोखंडी जाळीच्या कपाटांची. संगणकाच्या पेट्या जमिनीवर ठेवल्या तर धूळ आणि उंदीर, टेबलावर ठेवल्या तर जागा पुरत नाही आणि मुलांचे हात लागतात, असा विचार करून आम्हीच वेल्डरकडून जाळीची कपाटे करवून घेतली होती. पेट्या आत, पडदा आणि कीबोर्ड बाहेर. तास सुरू झाला की आम्ही कुलपे उघडायची, एकेका पेटीचे बटण दाबायचे, पुन्हा कुलपे लावायची. मुले हात मागे बांधून उभी. बाराही पडदे उजळले की ‘बसा’ असे आम्ही म्हणायचो.

या व्यवस्थेचा आम्हाला अभिमान होता. आज सांगताना संकोच वाटतो, परंतु होता. तिचा दोष असा की आम्ही नसलो की कक्ष बंद. निवडणुकीचे काम आले, बंद. जनगणनेचे, सर्वेक्षणाचे काम आले, बंद. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासायच्या असल्या, तरीही बंद. त्या काळी भारनियमनही होते. वीज नेमकी तासाच्या मध्येच जायची. परत आली की आम्ही दुसऱ्या वर्गावर असायचो आणि मुले बंद पडद्यांसमोर बसून राहायची. कुलूप उघडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. बटण तर जाळीच्या आत.

दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही वर्गात बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनातील प्रसंग सांगतो. त्यात त्यांनी आपल्या शाळेतील पाण्याची हकिकत लिहिली आहे. इतर मुलांना तहान लागली की गुरुजींना विचारून नळाकडे जाता येई. भीमरावांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणीतरी सवर्णाने तो उघडून द्यावा लागे. आणि हे काम शिपायाचे असल्याने नुसती गुरुजींची परवानगी पुरत नसे, शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, हेही त्याच हकिकतीत आहे. अनेक वर्षे आम्ही हा प्रसंग सांगत आलो होतो. त्या वर्षी सांगून झाल्यावर आठवीतील एक मुलगी अगदी सहज म्हणाली, “म्हणजे आपल्या कम्प्युटरसारखं न, सर. तुम्ही नसले की बंद.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु तो दिवस आम्हाला विसरता आला नाही.

येथे आम्ही वाचकांना सावध करू इच्छितो. या दोन गोष्टी एक नाहीत. नळाच्या मागे जात होती, विटाळाची कल्पना होती, माणसाला माणूस न मानण्याची शतकानुशतकांची रीत होती. आमच्या कुलपामागे केवळ यंत्र बिघडण्याची भीती होती. दोन्हींना एका पंक्तीत बसवणे हा बाबासाहेबांच्या वेदनेचा अवमान होईल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने असली घाईची तुलना करू नये, हे आम्हीच वर्गात शिकवतो. परंतु त्या मुलीने तुलना हेतूंची केली नव्हती. तिने फक्त व्यवस्था पाहिली होती. पाणी आहे, तहान आहे, नळ समोर आहे, पण तो उघडणारा दुसरा कोणी. आमच्याकडे यंत्र होते, तास होता, मूल समोर बसले होते, पण बटण दाबणारा दुसरा कोणी. हेतू निराळे असूनही रचना सारखी असू शकते, आणि रचनेची सवय मुलाच्या हाताला लागते. हात मागे बांधून उभे राहायला शिकवावे लागत नाही. आपल्या समाजाला ते पिढ्यान्‌पिढ्या आधीच शिकवले गेले होते. आम्ही त्यात फक्त एक तास भर घालत होतो.

हे कळूनही कुलपे निघाली असती असे नाही. ती काढायला लागली ती एका बिघाडामुळे. जुन्या पेट्यांच्या पुढच्या भागातील प्लॅस्टिकची बटणे एकामागून एक आत खचू लागली. वर्ध्यात संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही बोलावले. त्याने जाळी उघडली, टॉर्च लावून आत पाहिले आणि म्हणाला, “बटन बदलवाची गरजच नाही, सर. हा बोर्ड कीबोर्डवरून चालू होते.” आम्हाला वाटले तो थट्टा करतो आहे. बंद संगणकाचा कीबोर्ड म्हणजे निर्जीव वस्तू. तो संगणकाला कसा उठवणार?

त्याने समजावून दिले ते येथे थोडे विस्ताराने देतो, कारण अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी, दुकानात किंवा गावच्या वाचनालयात असे जुने संगणक अजून आहेत.

पूर्वीच्या ‘एटी’ पद्धतीच्या संगणकात समोरचे बटण हे खरोखरीचे विजेचे बटण असे. ते बंद केले की यंत्रात वीजच उरत नसे. अशा यंत्राला कीबोर्डवरून जागे करणे शक्य नव्हते. १९९५ साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ ही नवी रचना आणली आणि हे चित्र पालटले. या रचनेत भिंतीवरचे बटण आणि पेटीच्या मागचे बटण चालू असेल, तर संगणक बंद असतानाही वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक क्षीण पुरवठा अखंड देत राहतो. ही जांभळी तार. दुसरी एक हिरवी तार असते. बोर्डाने ती काळ्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेशी जोडली की डब्याला हुकूम मिळतो आणि पूर्ण पुरवठा सुरू होतो. पेटीवरचे बटण वीज जोडत नाही; ते फक्त बोर्डाला निरोप देते. निरोपच द्यायचा असेल तर तो देणारा दुसराही असू शकतो. जांभळ्या तारेच्या त्या क्षीण पुरवठ्यावर बोर्डाचा एक लहानसा भाग आणि कीबोर्ड जागे ठेवता येतात, आणि ठरलेली कळ दाबली गेली की बोर्ड हिरव्या तारेचे काम करून टाकतो.

ही कल्पना त्याहूनही जुनी. अ‍ॅपल कंपनीचा १९८७ सालचा ‘मॅकिंटॉश टू’ हा संगणक कीबोर्डवरील स्वतंत्र कळीने सुरू होत असे. त्या कळीवर एक लहान त्रिकोण कोरलेला असे. म्हणजे यंत्र करणाऱ्यांच्या मनात फार आधीपासून होते की जेथे माणसाचे हात आहेत तेथेच सुरुवात असावी. पेट्या टेबलाखाली गेल्या, जाळीत गेल्या, आणि सुरुवात माणसापासून दूर सरकली, ती आपल्यासारख्यांनी सरकवली म्हणून.

प्रत्यक्ष कृती फार सोपी निघाली. संगणक सुरू होताना ‘डिलीट’ची कळ, काही यंत्रांत ‘एफ-२’ची कळ, दाबत राहिले की ‘बायोस’चा निळा किंवा करडा पडदा उघडतो. तेथे वीज-व्यवस्थापनाच्या, किंवा काही बोर्डांत जोडउपकरणांच्या पानावर ‘पॉवर ऑन बाय कीबोर्ड’ अशा अर्थाची ओळ सापडते. तिच्यात सहसा पर्याय असतात: फक्त बटण, कोणतीही कळ, ठरावीक कळांची जोडी, किंवा सांकेतिक शब्द. आम्ही जोडीचा पर्याय निवडला: ‘कंट्रोल’ आणि ‘एफ-१’ एकत्र. कोणत्याही कळीचा पर्याय ठेवला तर वही टेकली तरी यंत्र सुरू होते. शेवटी बदल जतन करून बाहेर पडायचे. एवढेच.

काही अडचणी आल्या त्याही सांगतो. ही सोय बहुधा गोल पिनेच्या जुन्या कीबोर्डवरच चालते; पेटीच्या मागे त्याचे जांभळे छिद्र असते. चपट्या यूएसबी पिनेचा कीबोर्ड काही बोर्डांवर चालतो, काहींवर नाही. काही बोर्डांवर ‘ईआरपी’ नावाची वीजबचतीची सोय असते; ती चालू असेल तर क्षीण पुरवठाही तोडला जातो आणि कीबोर्ड जागा राहत नाही, म्हणून ती बंद करावी लागते. काही जुन्या बोर्डांवर ‘जंपर’ नावाची नखाएवढी टोपी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसवावी लागते, म्हणजे कीबोर्डला क्षीण पुरवठा पोहोचतो. आपल्या १२ यंत्रांपैकी ७ यंत्रे केवळ बायोसमधील बदलाने तयार झाली, ३ यंत्रांना जंपर बदलावा लागला आणि २ यंत्रांत ही सोयच नव्हती. त्या दोघांसाठी आमच्या त्या विद्यार्थ्याने घराच्या दारावर लावतात तसली घंटीची दोन बटणे आणली आणि मदरबोर्डवरील बटणाच्या पिनांपासून लांब तार ओढून ती टेबलावर बसवून दिली. तेथे अगदी कमी व्होल्टचा निरोपच जात असल्याने धक्क्याचे भय नाही. कुलूप मात्र त्याने काढायला लावले. म्हणाला, “आता याचा उपयोग काय, सर?” जाळीची ती कपाटे आज वाचनालयात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सांभाळतात.

पहिल्या दिवशी मुलांना सांगितले, “आजपासून आपापला संगणक आपण सुरू करायचा.” कोणीही हात पुढे केला नाही. पुन्हा सांगितले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी एका मुलाने ‘कंट्रोल’ दाबून धरला, ‘एफ-१’ला बोट टेकवले आणि पंख्याचा आवाज येताच दचकून हात मागे घेतला, आपल्या हातून काही बिघडले असे त्याला वाटले. तो पंख्याचा आवाज म्हणजेच यंत्र सुरू होणे, हे त्याला ठाऊक नव्हते, कारण ते घडताना तो नेहमी दूर उभा असे. वर्षभर संगणक शिकवूनही आम्ही त्याला संगणक सुरू होताना दाखवला नव्हता.

परिणामांविषयी अतिशयोक्ती करणार नाही. या बदलाने निकाल वाढला असा आमचा दावा नाही. काय बदलले ते एवढेच. वीज जाऊन आली की मुले कोणाची वाट न पाहता यंत्रे पुन्हा सुरू करू लागली. आम्ही निवडणुकीच्या कामावर असताना कक्ष उघडा राहिला; दार उघडायला वसतिगृहाचे अधीक्षक पुरेसे होते. एक मुलगा होता, त्याला कुबड्यांशिवाय चालता येत नसे आणि टेबलाखाली वाकता येत नसे. इतर शाळांत त्याच्यासाठी दुसऱ्याने बटण दाबले असते. येथे तो इतरांसारखाच बसून यंत्र सुरू करी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्यतेची भाषा बोलतो. आमच्या कक्षात ती एका सेटिंगने आली, तेही आम्ही त्याचा विचार केला नसताना. याचे श्रेय आम्ही घेऊ शकत नाही.

चुकाही झाल्या. एकदा नववीच्या मुलांनी बायोसमध्ये जाऊन जोडीऐवजी सांकेतिक शब्दाचा पर्याय लावला आणि शब्द विसरले. त्या बोर्डावर हा पर्याय लावला की पेटीचे बटणही काम करीत नसे. यंत्र गप्प. बोर्डावरची ३ व्होल्टची चपटी बटण-बॅटरी, सीआर-२०३२, वीज तोडून काही वेळ काढून ठेवली तेव्हा सेटिंग पुसले गेले आणि यंत्र परत आले. कोणालाही रागावलो नाही, असे लिहिले तर खोटे होईल, रागावलो. परंतु पुढच्या उन्हाळी सुटीनंतर दोन यंत्रे कीबोर्डला दाद देईनात, तेव्हा त्याच मुलांपैकी एक म्हणाला, “बॅटरी उतरली असन, सर.” बॅटऱ्या खरोखरच संपल्या होत्या आणि सेटिंग पुसले गेले होते. बिघडवल्याशिवाय हे त्याला कळले नसते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप विजेचा, आणि तो रास्त आहे. यंत्र बंद असताना क्षीण पुरवठा चालू राहतो. समजा एका जुन्या संगणकाला त्या अवस्थेत ३ वॅट लागतात. १२ यंत्रांचे झाले ३६ वॅट. दिवसरात्र ते तसेच राहिले तर महिन्याला सुमारे २६ युनिट वीज वाया जाते. युरोपीय संघाने याच कारणाने बंद उपकरणांनी घ्यावयाच्या विजेवर २०१० पासून १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. आमचा उपाय साधा आहे. संध्याकाळी भिंतीवरचे मुख्य बटण बंद, सकाळी चालू. ते काम मोठ्यांचे. विजेच्या मुख्य बटणाची जबाबदारी मोठ्यांकडे असावी, यात सुरक्षितता आहे. परंतु यंत्र सुरू करण्याचा हक्क मुलाकडे असावा. जबाबदारी आणि हक्क यांची ही वाटणी आम्हाला न्याय्य वाटते. काही यंत्रे वीज पूर्ण तोडल्यानंतर पहिल्यांदा पेटीच्या बटणानेच उठतात; ती कोणती हे मुलांना पाठ आहे, आणि पेट्या आता त्यांच्या हाताच्या अंतरावर आहेत.

दुसरा आक्षेप असा की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, जुन्या डबड्यांचे कौतुक कशाला? मोबाइल घरात आहे हे खरे, पण तो बहुतेक घरी एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो. शिवाय परीक्षा मोबाइलवर होत नाहीत. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशाची राज्याची सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावणारे मूल आणि रोज स्वतः यंत्र सुरू करणारे मूल त्या परीक्षा केंद्रात शेजारी बसतात. प्रश्नपत्रिका दोघांना एकच असते. हात मात्र एकसारखे नसतात.

तिसरा आक्षेप नव्याने आला आहे: ही यंत्रे आता कालबाह्य झाली. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि जुनी बहुतेक यंत्रे ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. आपल्या समाजासाठी तो दिवस निराळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. १९५६ साली त्याच तारखेला नागपुरात धम्मदीक्षा झाली. हा केवळ योगायोग. परंतु कंपनीने आधार थांबवला म्हणून यंत्र मरत नाही. लिनक्स या मोफत प्रणालीच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चालतात आणि भारतीय भाषांसाठी ठरवलेली ‘इनस्क्रिप्ट’ कळरचना त्यांत असते, म्हणजे मराठी टंकन शिकवता येते. कार्यालये मात्र जुने संगणक मोठ्या संख्येने काढून टाकतील. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या मार्गाने यंत्र जाण्याआधी ते एखाद्या वसतिगृहात आणखी काही वर्षे चालू शकते का, हे कोणीतरी विचारायला हवे. नवे देण्याची ऐपत असणाऱ्यांनी नवे जरूर द्यावे. आम्ही जुन्याचे समर्थन दारिद्र्याचे भूषण म्हणून करीत नाही. आपल्या मुलांना उत्तमच मिळाले पाहिजे. पण कुलपात ठेवलेल्या नव्या संगणकापेक्षा हाताखालचा जुना संगणक अधिक शिकवतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आणि हा प्रश्न केवळ आपल्या शाळेचा नाही. केंद्र शासनाची ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. पुढे देशभर शाळांत संगणक पोहोचले. किती शाळांत किती यंत्रे आली याची मोजदाद होते; त्यांपैकी किती यंत्रे मुले स्वतः सुरू करतात, हे कोणत्याही अर्जात विचारलेले आमच्या पाहण्यात नाही. हा रकाना असायला हवा, असे आमचे मत आहे.

आपले हे वर्धा शिक्षणविचाराच्या इतिहासात नोंदलेले गाव आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण, ही नई तालीमची कल्पना तेथे मांडली गेली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला. त्या विचाराशी आमचे मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त हाताचेच काम नेमून दिले होते, त्यांना हाताच्या कामाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. त्यांना हवी होती ती ग्रंथांची, विद्यापीठांची, सत्तेची दारे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन केले ते याच जाणिवेतून. परंतु एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. हात काम करतात का, एवढाच प्रश्न नाही. हातांना कोणत्या वस्तूला स्पर्श करण्याची मुभा आहे, हा खरा प्रश्न आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते पाण्यासाठी होतेच, पण त्याआधी ते स्पर्शासाठी होते.

पालकांना म्हणून एक विनंती. मूल एखाद्या यंत्राकडे हात नेते तेव्हा आपल्या तोंडून नकळत निघते, “हात नको लावू, बिघडन.” हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो. वस्तू महाग आहे, दुरुस्तीला पैसे नाहीत, हे आपल्याला ठाऊक असते. आमच्याही तोंडून ते अनेक वर्षे निघाले, आणि आम्हाला तर पगार मिळत होता. पण मुलाच्या मनात त्याचा अर्थ ‘वस्तू नाजूक आहे’ असा राहत नाही. ‘आपला हात वाईट आहे’ असा राहतो. म्हणून त्याऐवजी म्हणावे, “मी आहे जवळ, तू लाव.” काही वस्तू बिघडतील. त्यांची किंमत आपण मोजावी.

संस्थेकडेही मागणे आहे. यापुढे शाळेत कोणतेही साधन आले, मग ते प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक असो, प्रोजेक्टर असो की वाचनालयातील कपाट, तर ते घेण्याच्या ठरावातच लिहावे की ते सुरू कोण करणार आणि उघडणार कोण. उत्तर ‘शिक्षक’ असे असेल तर कारणही लिहावे. कारण सापडले नाही तर किल्ली मुलांच्या मंत्रिमंडळाकडे द्यावी.

ती आठवीतली मुलगी आज नागपूरला परिचारिका आहे. मागे भेटली तेव्हा तिला आम्ही त्या वाक्याची आठवण करून दिली. तिला ते आठवत नव्हते. “मी असं बोलली होती, सर?” एवढेच म्हणाली. आम्हाला बरे वाटले. ज्याने आमची इतकी वर्षे झोप मोडली ते तिच्या लक्षातही नव्हते, म्हणजे तिच्यावर त्या कुलपाचा ओरखडा फार खोल उमटला नसावा.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एकच सांगणे. आपल्या १२ यंत्रांपैकी ८ अजून चालतात, परंतु गोल पिनेचे कीबोर्ड बाजारात आता सहज मिळत नाहीत आणि आपल्याकडचे झिजले आहेत. दोघांच्या तर ‘कंट्रोल’च्याच कळा गेल्या. येत्या जयंतीला शाळेत याल तेव्हा हार आणि मिठाईचा खर्च थोडा कमी करा. घरी माळ्यावर असा एखादा जुना कीबोर्ड पडला असेल तर धूळ झटकून तो घेऊन या, आणि जोडीला सीआर-२०३२ च्या चार बॅटऱ्या. ते बसवायचे काम मुले करतील.

जय भीम.